चक्रांग की भुवई?

पहिल्यांदा भरतपूर पाहून आलेला कॅडेट घरी पत्र लिहितो तेव्हा त्यात सारस असतो, झाडावर वसाहत केलेले चित्रबलाक असतात, उन्हाला पडलेला अजगर तर हमखास असतो. बदकांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं, "आणि खूप बदकं होती." मला त्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे.

आमची शाळा राजस्थानच्या पूर्व टोकाला आहे आणि तिथून केवलादेव राष्ट्रीय उद्यान बसने दोन-अडीच तासांवर. नेचर क्लबची सहल दर हिवाळ्यात दोन-तीनदा तिकडे जाते. जेमतेम २९ चौरस किलोमीटरची ही जागा. १९८१ साली ती रामसर यादीत आली, १९८५ साली जागतिक वारसा झाली. आत बस जात नाही. सायकल घ्यायची, रिक्षा घ्यायची किंवा आमच्यासारखं तीनच्या रांगेत चालायचं. थंडीत इथे सायबेरिया आणि मध्य आशियाकडून बदकं उतरतात. त्यांतली बरीचशी एका दिवसात ओळखता येतात. थापट्याची चोच फावड्यासारखी असते. तलवार बदकाची शेपटी टोकदार. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून तर मराठीत त्याला इतकं घरगुती नाव मिळालं.

अडचण येते ती दोन लहान बदकांपाशी. एक चक्रांग, ज्याला इंग्रजीत कॉमन टील म्हणतात, आणि दुसरं भुवई, म्हणजे गार्गनी. दोन्हींचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅमच्या घरात. दोन्ही उथळ पाण्यात डोकं बुडवून खातात, दोन्ही दिवसा थव्याने झोपा काढतात आणि बऱ्याचदा एकमेकांच्या शेजारीच.

नर पूर्ण पिसाऱ्यात असतील तर प्रश्नच नाही. चक्रांग नराचं डोकं तांबूस तपकिरी, त्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत गडद हिरवा पट्टा आणि त्याला बारीक पिवळसर काठ. अंगाच्या कडेने एक आडवी पांढरी रेघ आणि शेपटीखाली पिवळसर तिकोन. हा तिकोन लांबूनही दिसतो, ऊन पडलं की दिवा लावल्यासारखा. भुवईच्या नराला नाव मिळालं ते डोळ्यावरच्या रुंद पांढऱ्या कमानीवरून. ती मागे वळून मानेपर्यंत उतरते. त्याची छाती तपकिरी आणि पोटाची बाजू फिकट राखाडी, आणि दोन्हींमधली सीमा पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. पाठीवरून लांब पिसं खाली ओघळलेली असतात. आवाजही वेगळे. चक्रांग नर बारीक शीळ घालतो. भुवईचा नर कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा कोरडा करकर आवाज काढतो. पुस्तकातली चित्रं अर्धा तास पाहिली की सातवीतला मुलगाही हे दोघे नर ओळखतो.

खरी परीक्षा माद्यांची. दोघीही तपकिरी, अंगभर खवल्यांसारखी नक्षी. त्यात भर म्हणजे नरसुद्धा वर्षाचे काही महिने मादीसारखेच दिसतात. विणीनंतर बदकं पंखांची उडायची पिसं एकदम टाकतात. नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी भडक रंग म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. म्हणून नर आधी साधा तपकिरी पिसारा चढवतात आणि गवतात मिसळून जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर सेरिमोनियल ड्रेस पेटीत ठेवून कॅमोफ्लाज घालतात. चक्रांग नर हिवाळा सुरू होताना हळूहळू परत रंगात येतो. भुवईचा नर मात्र फार उशीर करतो, त्याची पांढरी कमान पुष्कळदा हिवाळा सरता सरता उमटते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात समोरच्या थव्यात एकही कमान नाही, म्हणून त्यात भुवई नाहीत, असं म्हणता येत नाही.

मग बघायचं काय? क्लबमध्ये सीनियरनी आम्हाला चार जागा शिकवल्या, त्या मी इथे क्रमाने देतो.

पहिली जागा चेहरा. भुवईच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. डोळ्यावर फिकट पट्टा, डोळ्यातून जाणारी काळपट रेघ आणि त्याखाली गालावर आणखी एक काळपट रेघ. चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका, गळा पांढरट. चक्रांग मादीचा चेहरा त्यामानाने कोरा. डोळ्यातली रेघ असते, पण गालावर तशी ठळक दुसरी रेघ नसते.

दुसरी जागा चोच. भुवईची चोच थोडी लांब आणि पूर्ण राखाडी. चक्रांगची बारीक, आणि मादीच्या चोचीच्या मुळाशी पुष्कळदा नारिंगी-पिवळसर छटा.

तिसरी जागा शेपटीचं मूळ. चक्रांग मादीच्या शेपटीच्या बाजूला एक फिकट पांढरट रेघ दिसते. पक्षी चोच पंखात खुपसून झोपलेला असला, चेहरा दिसत नसला, तरी ही रेघ दिसू शकते. म्हणून ती फार उपयोगाची.

चौथी जागा पंख, आणि तो उडाल्याशिवाय नीट दिसत नाही. चक्रांगच्या पंखाच्या मागच्या भागात चमकदार हिरवा पट्टा असतो. त्याच्या पुढची पांढरी रेघ रुंद आणि मागची बारीक. भुवईमध्ये पुढची आणि मागची अशा दोन्ही पांढऱ्या रेघा ठळक. आणि भुवईचा नर कितीही साध्या पिसाऱ्यात असला तरी त्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी असतो. वेश बदलला तरी तेवढी खूण तो लपवू शकत नाही. पण ती दोन सेकंद दिसते, पक्षी उठला की.

हा निळसर रंग आणखी एक गोष्ट सांगून जातो. लिनियसने १७५८ साली ह्या दोन्ही बदकांना नावं दिली तेव्हा ती एकाच 'अनास' कुळात ठेवली होती. दिसायला जवळची, म्हणून नात्यानेही जवळची, असा सरळ हिशेब. अलीकडे जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा भुवईला 'स्पॅट्युला' ह्या वेगळ्या कुळात हलवलं गेलं. म्हणजे त्या फावड्या चोचीच्या थापट्याच्या घरात. थापट्याच्या पंखाचा पुढचा भागही निळसरच असतो. चक्रांग आणि भुवई शेजारी बसतात, सारखी दिसतात, पण सख्खी भावंडं नाहीत.

इतकं सगळं पाठ असूनही पाण्याच्या काठावर काय होतं, ते गेल्या जानेवारीत आम्हाला कळलं.

१९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. अनेक देशांतले लोक त्या दिवसांत आपापल्या तळ्यांवरचे पक्षी मोजतात. त्याच धर्तीवर आमचा क्लब स्वतःपुरती एक मोजणी करतो आणि तिची एक वही आहे. वहीला जोडून हाऊसची स्पर्धाही असते. ज्या हाऊसच्या यादीत जास्त जाती, ते हाऊस जिंकतं. गेल्या वर्षी दुपारी तीनपर्यंत आमच्या आणि दुसऱ्या एका हाऊसच्या सदतीस-सदतीस जाती झाल्या होत्या. बस साडेचारला होती. आमच्या गटाची वही माझ्याकडे होती.

बांधापलीकडे लहान बदकांचा थवा होता. मोजली, चौसष्ट भरली. अकरा चक्रांग नर शेपटीखालच्या तिकोनावरून सरळ ओळखू आले. आणखी तीन माद्यांच्या शेपटीजवळची रेघ आणि कोरा चेहरा दिसला, त्याही चक्रांग. उरली पन्नास. सूर्य त्यांच्या मागे होता आणि बहुतेक झोपलेली. त्यांतलं एक मात्र जागं होतं. त्याच्या चेहऱ्यावर पट्टे होते. डोळ्यावर फिकट, गालावर बहुतेक काळपट. आम्ही दुर्बीण एकमेकांच्या हातात देत होतो तेवढ्यात त्याने चोच पंखात खुपसली.

माझा मित्र म्हणाला, "भुवई आहे. लिही."

मी म्हटलं, "चोच पाहिलीस?"

"चेहरा पाहिला ना. नव्वद टक्के तीच. अडतिसावी जात झाली, आपण जिंकलो."

आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. पक्ष्याने मान वर काढली नाही. मग मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून गेला आणि अख्खा थवा उठला. हीच ती दोन सेकंदं. पण सूर्य समोर होता. चौसष्टच्या चौसष्ट बदकं काळी दिसली आणि झाडांमागे गेली.

आमच्याबरोबर शिस्तीसाठी आलेले उस्ताद तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार आहेत. पक्ष्यांतलं आपल्याला काही कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. आमचा वाद ते बांधावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "देखा क्या और समझा क्या, दोनों अलग-अलग लिखो।" मग त्यांनी समजावलं. पुढच्या निरीक्षण चौकीवरून जो माणूस मागे खबर देतो, त्याने तीन गाड्या पाहिल्या तर तीन गाड्या सांगायच्या, कुठल्या दिशेने आणि किती वाजता ते सांगायचं. गाड्यांत दारूगोळा आहे असं त्याला वाटलं तर तेही सांगावं, पण "मला असं वाटतं" म्हणून. कारण मागे बसलेला अधिकारी त्या एका वाक्यावर तोफा चालवणार असतो. पाहिलेलं आणि वाटलेलं एकाच वाक्यात मिसळलं, की त्याला ते पुन्हा वेगळं करता येत नाही.

मी वहीत लिहिलं, "लहान बदकं ५०, अनोळखी. त्यांपैकी एकाच्या चेहऱ्यावर पट्टे. चोच व पंख दिसले नाहीत. भुवई असण्याची शक्यता."

अनोळखी ही जात नाही, त्यामुळे गुण नाही. दुसऱ्या हाऊसला परतीच्या वाटेवर पिंगळा दिसला आणि ते अडतीसवर जिंकले. माझा मित्र बसमध्ये माझ्याशी बोलला नाही. रात्री मेसमध्ये बोलला, पण तेही "लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" एवढंच.

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले, म्हणून ते इथे लिहितो.

त्याचे नव्वद टक्के कुठून आले, हा पहिला मुद्दा. चेहऱ्यावर पट्टे म्हणजे भुवई, हे पुस्तकात खरं आहे. पण चक्रांग माद्यांतही काहींचे चेहरे इतरांपेक्षा जास्त रेघांचे असतात, आणि समोरून ऊन असलं की रेघा आहेत त्याहून गडद वाटतात. शिवाय महिना जानेवारी होता. भुवई आपल्याकडे लवकर येते, ऑगस्ट-सप्टेंबरातच, आणि तिचे बरेच थवे उत्तरेत न थांबता दक्षिणेकडे निघून जातात. माझं गाव उजनीच्या पाणफुगवट्यावर आहे. सुट्टीत घरी गेलो की ती तिथे भेटते. पण भर जानेवारीत भरतपूरला चक्रांगची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे तिथे भुवई म्हणायचं तर पुरावा नेहमीपेक्षा भक्कम हवा होता, आणि आमच्याकडे तो नेहमीपेक्षा तोकडा होता. नव्वदातले बरेचसे टक्के पक्ष्याकडून आले नव्हते, अडतिसाव्या जातीकडून आले होते.

दुसरा मुद्दा वहीचा. ती आमच्या आधीच्या बॅचेसनी लिहिली आहे आणि आमच्या नंतरच्या लिहिणार आहेत. उद्या कोणी विचारलं की जानेवारीत इथे भुवई राहतात का, तर उत्तर त्या वहीतून निघणार. केवलादेवमध्येच जुन्या शिकारींच्या नोंदी दगडावर कोरलेल्या आहेत. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आले होते त्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९३८ ला, ४२७३ पक्षी मारले गेले. दगडावर तारीख आहे, पाहुण्याचं नाव आहे, आकडा आहे. कोणते पक्षी, किती चक्रांग, किती भुवई, ते नाही. इतका मोठा आकडा, पण त्यातून आज पक्ष्यांबद्दल फारसं काही शिकता येत नाही. आमच्या वहीतली पन्नास अनोळखी बदकं मला त्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण काय दिसलं आणि काय दिसलं नाही हे तिथे लिहिलेलं आहे.

तिसरा मुद्दा आपल्या व्यवसायाचा. लायब्ररीतल्या हवाई युद्धाच्या इतिहासात मला एक प्रसंग मिळाला. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याला तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ ला शत्रूची विमानं आल्याची खोटी चाहूल लागली आणि लढाऊ विमानं वर पाठवली गेली. वर गेलेल्या स्पिटफायर वैमानिकांना समोर विमानं दिसली आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. ती त्यांचीच हरिकेन होती. दोन पडली आणि माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक मरण पावला. ब्रिटनचा त्या युद्धातला तो पहिला मृत लढाऊ वैमानिक, आणि त्याला मारलं त्याच्याच सहकाऱ्यांनी. हरिकेन आणि जर्मन मेसरश्मिट ही काही जुळी भावंडं नव्हती. जमिनीवर शेजारी उभी केली असती तर कोणीही सांगितलं असतं. पण हवेत वेळ नव्हता, आणि समोर शत्रूच आहे असं आधीच ठरलेलं होतं. पुढे त्या युद्धात विमानांच्या काळ्या छायाकृतींचे तक्ते निघाले, अगदी खेळायच्या पत्त्यांवरही त्या छापल्या गेल्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यात आकार बसावा.

बदक चुकीचं लिहिलं तर कोणी मरत नाही, हे मला मान्य आहे. पण डोळ्याने पाहायचं आणि मनाने पूर्ण करायचं ही सवय एकच आहे. ती तळ्यावर लागते आणि माणूस जाईल तिथे बरोबर येते.

ओळखण्याची आणखी एक पद्धत आहे, आणि ती मला माझ्या आईमुळे कळली. मागच्या पेरेंट्स डेला ती इंदापूरहून रेल्वेने दीड दिवस प्रवास करून आली. परेडला आम्ही एकाच उंचीच्या क्रमात, एकाच पोशाखात, सारखे केस कापलेले दोनशेच्या वर कॅडेट. प्रेक्षकांपासून इतके लांब की चेहरा दिसणं शक्य नाही. नंतर ती म्हणाली, "तू तिसऱ्या रांगेत उजवीकडून पाचवा होतास." ते बरोबर होतं. मी विचारलं, "कसं ओळखलंस?" म्हणाली, "चालताना डावा खांदा जरा पुढे टाकतोस. लहानपणापासून."

तिने ना चोच पाहिली ना पंख. सोळा वर्षं पाहत आली म्हणून एका नजरेत ओळखलं. भरतपूरचे जुने रिक्षावालेही असेच ओळखतात. रिक्षा न थांबवता, दुर्बीण न लावता "टील, मादी" म्हणतात आणि पुढे जातात. पहिल्यांदा ती जादू वाटते. पण त्यामागे तीस-तीस हिवाळे असतात. नवख्याने ती पद्धत उचलायची नसते. आपण चार जागा बघायच्या, वहीत लिहायच्या आणि हिवाळे साठवायचे. चौथीपर्यंत पोचता आलं नाही तर तीनच लिहायच्या.

आता ज्यांना पुढच्या मोसमात क्लबमध्ये यायचं आहे, त्यांच्यासाठी. ऑक्टोबरची सहल चुकवू नका. तेव्हा एकही नर धड रंगात नसतो, म्हणून सगळे कंटाळतात, पण शिकायला तोच महिना चांगला. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बांधावर बसा. आधी चक्रांगच पाहा, कंटाळा येईपर्यंत. नेहमीचं बदक पक्कं ओळखीचं झालं की वेगळं बदक आपोआप खटकतं. पुस्तक पक्षी उडून गेल्यावर उघडा. आधी आपल्या शब्दांत लिहा, रेघ कुठे होती, चोच कशी होती. नाहीतर पुस्तकातलं चित्रच डोळ्यांना दिसायला लागतं. मराठी नावं हवी असतील तर मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' लायब्ररीत मागा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीच्या वाटेवरची भुवई उत्तरेत पुन्हा उतरतात. तेव्हा नरांच्या डोळ्यांवर पांढरी कमान स्पष्ट असते आणि बसमधून उतरल्या उतरल्या सगळेच बोट दाखवतात. तेही पाहायला या. माझा मित्र आणि मी मार्चमध्ये गेलो होतो. अकरा नर त्याने मोजले, मी लिहिले. त्यांच्याबरोबरच्या माद्यांपैकी सहा ओळखल्या. उरलेल्या नऊ पक्ष्यांची चोच दिसेना, तेव्हा दुर्बीण खाली न करता तोच म्हणाला, "अनोळखी, नऊ."